खाईन तर तारामासा

खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी, ही म्हण रचणाऱ्याने नेवाशाच्या कल्याणने पाळलेला झिंगा पाहिला असता तर तुपाच्या जागी तारामासाच घातला असता. दोन पेरांएवढा जीव, पांढऱ्या अंगावर जांभळे ठिपके, आणि नखरे मात्र लग्नातल्या विहिणीचे. तारामाशाशिवाय तो कशालाच तोंड लावत नाही. सुकट घाला, बाजारातलं महागडं खाद्य घाला, महाराज त्यावरून खुशाल चालत जातात.

आणि नेवासा कुठे, समुद्र कुठे! पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्या कल्याणने घरीच खारं पाणी कालवून झिंग्यासाठी काचेची टाकी उभी केली, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. आता झिंगा उपासाने दगडाखाली पडून होता आणि मुंबईचा दुकानदार रोज 'तारामासा उद्या पाठवतो' म्हणत होता. अखेर ट्रॅव्हल्सच्या बसने थर्माकोलचं खोकं आलं. आत एकच तारामासा. तो अख्खा द्यायचा नाही, वेगळ्या डब्यात जिवंत ठेवून एकेक पाय तोडून द्यायचा. पाय पुन्हा फुटतो, असं दुकानदाराने बजावलं होतं.

"संध्याकाळी येऊन एक पाय तोडतो," असं आईला सांगून कल्याण आपल्या दुकानात गेला. ही त्याची चूक. राहीबाई माळकरी, तिच्या घरात अंडंसुद्धा येत नसे.

संध्याकाळी डबा रिकामा.

"आई, तारामासा कुठंय?"

"सोडला परवरामाईत," भाकरी थापता थापता राहीबाई म्हणाली. "जित्या जीवाचं पाय तोडायचं न्हाई माझ्या घरात."

"नदीत सोडला?"

"मंग? नदी समुद्रालाच जाती की. पोचंल आज ना उद्या आपल्या घरी." तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की कल्याणच्या डोक्यात तिडीकच गेली.

"अगं, खाऱ्या पाण्यातला जीव तो! गोड्या पाण्यात घटकाभर तरी जगतो का? सोडला नाहीस तू तो, मारलास!"

तव्यावरची भाकरी करपली तरी राहीबाईने ती उलटली नाही.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नुसता चहा. म्हणजे आता घरात दोघं उपाशी, आणि मधे कल्याण. तो झिंग्यावर चिडला, दुकानदारावर फोनवर ओरडला, दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसला. मी खोटं काय बोललो, असं स्वतःलाच विचारत राहिला. खरंच बोलला होता तो. पण गप्प बसला असता तर त्याचं काय बिघडणार होतं?

"आई, दोन घास तरी खा."

"तुझ्या त्या लेकराला मिळू दे आधी."

"लेकरू नाही ते! झिंगा आहे!"

"भूक सारखीच आसती," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. या बाईशी भांडायचं तरी कसं, हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

दुकानदाराने दुसरं खोकं पाठवलं तोवर राहीबाई भिंत धरून चालायला लागली होती. कल्याणने घाईघाईने तारामासा ताटलीत घेतला, दाढीचं पातं उचललं, तर दारात आई उभी.

"तू आत जा. बघू नकोस."

"पातं दे इकडं."

"कशाला?"

"मी तोडते." तिने हात पुढे केला. "येक जीव घेऊन बसलेच हाय मी. माझ्या पदरात पाप पडलंच हाय, तू कशाला लावून घेतो?"

यात पाप कसलं, पाय पुन्हा फुटतो, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण 'मारलास' हा शब्द त्यानेच तिच्या अंगावर टाकला होता, आणि तो काही केल्या परत घेता येईना. काचेपलीकडे झिंग्याची मिशी जेमतेम हलत होती.

कल्याणने पातं आईच्या हातात दिलं.