माझ्या भोंग्यावरची चिकटपट्टी

मी इन्क्युबेटर बोलतोय. अख्ख्या सेलूत माझ्याइतकं विज्ञान कोणाच्या पोटात नसेल. पोटातच आहे म्हणा. डोकं मला कारखान्यानं दिलंच नाही. दिसायला मी कपाट. पेशींना अंगाची ऊब द्यायची आणि आतली हवा दमट राखायची, एवढंच माझं काम. त्यासाठी तळाशी पाण्याचा ट्रे असतो. तो कोरडा पडला की माझा भोंगा वाजतो.

हा भोंगा माझा फार लाडका. ट्रे काठोकाठ भरलेला असतानाही मी तो वाजवायचो. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख श्रीधर सर चहा टाकून धावत यायचे, दार उघडायचे, चष्म्यावर वाफ धरायची आणि सर टेबलाला धडकायचे. शेवटी त्यांनी भोंग्यावर चिकटपट्टी मारली. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं तोंड बांधलं आणि म्हणे प्रयोगशाळेत शांतता आली.

मग हिंगणीची मयुरी संशोधनाला आली. आपल्या कातडीत मीठ साठतं म्हणे. त्यातलं सोडियम रोगाशी लढणाऱ्या पेशींत शिरलं, की त्या जंतूंवर जास्त जोरानं तुटून पडतात का, हा तिचा प्रश्न. मला अर्धाच कळला. सरांचं माहीत नाही, ते नुसती मान डोलावतात.

मयुरी काही पेशी साध्या द्रवात ठेवायची, काही खारट द्रवात, आणि मग दोन्हींवर जंतू सोडायची. पण दर खेपेला दोन्हीकडच्या पेशी सारख्याच तुटून पडायच्या. मिठाचा फरक दिसेचना. सर म्हणाले, ही शेवटची खेप, नाहीतर विषय सोड. त्या दिवशी पोर माझ्या दाराला कपाळ टेकून कितीतरी वेळ उभी होती.

आणि मला तर कारण ठाऊक होतं! गावात डेंग्यू आला, तेव्हा आरोग्यसेविका सांगून गेली होती, की शुक्रवारी कोरडा दिवस पाळायचा, साठलेलं पाणी ओतून द्यायचं. झाडलोट करणाऱ्या प्रमिलाबाईंनी कूलर रिकामा केला, कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या केल्या आणि माझा ट्रेही. मच्छराला माझं दार उघडता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? सोमवारी सर ट्रे भरायचे, "उन्हाळा आहे, आटतंच" म्हणत. तोवर माझ्या कोरड्या हवेत साधा द्रवही आटून खारट झालेला असायचा. मी जीव तोडून भोंगा वाजवायचो. पट्टीखालून माशी गुणगुणावी तेवढाच आवाज यायचा.

शेवटच्या खेपेला मयुरीनं सोमवारची वाट न पाहता शनिवारीच दार उघडलं. तिच्या चष्म्यावर वाफ धरलीच नाही. तिनं चष्मा काढून पाहिला, परत घातला, मग खाली वाकली. ट्रे ठणठणीत कोरडा.

"मावशी, इथलं पाणी?"

"काल शुक्रवार होता ना बाई," प्रमिलाबाई ऐटीत म्हणाल्या. "मी एकही शुक्रवार चुकवत नाई."

मयुरी तिथेच फरशीवर बसून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशा प्रमिलाबाई घाबरल्या आणि पदरानं तिलाच वारा घालू लागल्या.

सरांनी आणखी एक खेप दिली. या वेळी ट्रे भरलेला राहिला. साध्या द्रवातल्या पेशी पंगतीतून उठलेल्या पाहुण्यांसारख्या सुस्त, आणि खारटातल्या जंतूंवर अशा तुटून पडल्या की काय सांगू! मयुरीनं एवढा मोठा श्वास सोडला, की माझी काचसुद्धा ओली झाली.

आता तरी माझं तोंड सोडा, एवढंच मागणं होतं. तिनंच नखानं पट्टी सोलली. मला इतका आनंद झाला, की भरल्या ट्रेवर मी भोंगा दणकून वाजवला.

मयुरीनं दार उघडलं. चष्मा वाफेनं पांढरा झाला.

"पाणी तर काठोकाठ हाय, आजोबा," ती म्हणाली. "आता तू खरंच ओरडशीन, तवा मले कसं समजन?"