खिडकीशी आलेला माणूस

नोकरीताईचं खरं नाव तिच्या टेबलावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती पाटी कधी कुणी वाचली नाही. चष्म्याच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर संगणक सुरक्षेचा वर्ग चालायचा. चोर संगणकात कसा शिरतो आणि त्याला उंबऱ्यातच कसं ओळखायचं, हे तिथले मास्तर शिकवायचे. आणि शिकून तयार झालेल्या माणसांना नोकरीच्या उंबऱ्यातून आत ढकलायचं काम हिचं. अर्ज लिहून दे, मुलाखतीची तालीम घे, कंपन्यांना फोन कर, घाबरलेल्यांना पाणी दे. बोलण्यात ती पटाईत. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं मास्तर म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

अशा बाईच्या वाट्याला मावशी आल्या.

मावशी सत्तेचाळीस वर्षांच्या. वर्गातल्या बाकीच्या पोरापोरींच्या आईच्या वयाच्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. एका मोठ्या रुग्णालयातल्या चौकशीच्या खिडकीत त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. मग एके दिवशी त्या खिडकीला फळी ठोकली गेली आणि बाहेर एक पडदा उभा राहिला. त्यावर बोट ठेवलं की हवी ती माहिती मिळते म्हणे. म्हातारी माणसं अजून त्या पडद्याला "अहो, ऐकलंत का" म्हणून हाका मारतात, हे मावशी स्वतः जाऊन पाहून आल्या होत्या. वर्गाच्या परीक्षेत त्या दुसऱ्या आल्या. पहिल्या आल्या असत्या, पण एका प्रश्नाखाली त्यांनी "ही माहिती परीक्षकांना असण्याची गरज नाही" एवढंच लिहिलं होतं, असं मास्तर शपथेवर सांगतात.

त्यांनी पहिल्यांदा लिहून आणलेला नोकरीचा अर्ज ताईने जपून ठेवलाय. नाव: विचारल्यास सांगेन. पत्ता: याच शहरात. अनुभव: एका संस्थेत एकोणीस वर्षं, जबाबदारीचं काम. संस्था कुठली, काम कसलं, कशाचाच ताकास तूर लागू दिलेला नाही.

"मावशी, हा नोकरीचा अर्ज आहे की खंडणीची चिठ्ठी?"

"मास्तरच म्हणाले ना, आपली माहिती म्हणजे चोराच्या हातातली शिडी. जेवढी कमी तेवढं बरं."

"अहो, पण फोन नंबर? कंपनीने तुम्हाला बोलवायचं कसं?"

"तुमच्याकडे आहे की माझा नंबर. तुम्ही द्या त्यांना. आधी त्यांची खात्री करून घ्या मात्र."

ताईने कपाळाला हात लावला. अर्जात नाव घालायला मावशींना तीन दिवस लागले आणि रुग्णालयाचा उल्लेख करायला आणखी एक आठवडा. मुलाखतींचं तर विचारूच नका. एका कंपनीत त्यांना म्हणाले, स्वतःबद्दल काही सांगा. मावशींनी विचारलं, कशासाठी हवंय? अशा सात मुलाखती झाल्या आणि सातही ठिकाणांहून "कळवतो" असा निरोप आला. कळवतो म्हणजे काय, ते शहाण्याला सांगावं लागत नाही.

इथवर हसण्यावारी नेता येत होतं. पण संस्थेचा एक नियम होता. वर्ग संपल्यापासून नव्वद दिवस ताई तुमच्यासाठी फोन करणार, कंपन्यांकडे नाव पाठवणार. एक्क्याण्णवाव्या दिवशी तुमची फाइल कपाटात. मावशींचा आता पंच्याऐंशीवा दिवस होता, आणि त्यांच्या थोरल्या भावाने आपल्या नळाच्या सामानाच्या दुकानात एक टेबल रिकामं करून ठेवलं होतं. दादा वाईट माणूस नव्हता. या वयात कशाला ही वणवण, इथे बस, गिऱ्हाइकांचे फोन घे, असं तो मायेनेच म्हणायचा. मावशी त्याला नाही म्हणत नव्हत्या आणि होही म्हणत नव्हत्या. ताईला मात्र त्या एकदा, छपाईयंत्रात अडकलेला कागद ओढता ओढता, तिच्याकडे न बघता म्हणाल्या होत्या, "तिथे बसले ना, तर मी दादाची बहीण होईन. खिडकीत मी मी होते."

ताईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिने ठरवलं, या बाईला नोकरी लावून द्यायचीच, मग दगडावर डोकं आपटावं लागलं तरी चालेल. आणि तसंच आपटावं लागलं.

सत्त्याऐंशीव्या दिवशी तालीम सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी एका कंपनीची मुलाखत होती. कंपनीच्या संगणकांवर दिवसभर नजर ठेवायची आणि काही वावगं दिसलं की लगेच वर कळवायचं, असं काम. मावशींसाठीच बेतलेलं.

"हे बघा मावशी, ते हमखास विचारणार. एखादा कठीण प्रसंग सांगा, तुम्ही तो कसा हाताळलात. आपण गोष्ट सांगतो तसं सांगायचं. काय झालं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय निघालं. आहे का असा एखादा प्रसंग?"

मावशींनी बराच विचार केला.

"आहे. एकदा खिडकीशी एक माणूस आला होता."

ताई खुर्चीत पुढे सरकली. "मग?"

"मग गेला."

"अहो, असं नव्हे! त्याला काय हवं होतं?"

"ते नाही सांगता येणार."

"बरं, तुम्ही काय केलंत?"

"नाही दिलं."

"आणि शेवट काय झाला?"

मावशींचा चेहरा एकदम मऊ झाला. "शेवट चांगला झाला," त्या म्हणाल्या. "फार चांगला झाला, ताई."

ताईचा जीव कासावीस झाला. एवढी सोन्यासारखी गोष्ट हिच्या पोटात आणि ओठांवर कुलूप! तिने नावं बदलून सांगा म्हटलं, मजला बदला म्हटलं, माणसाच्या जागी बाई घाला म्हटलं. मावशी म्हणाल्या, ज्याची गोष्ट आहे त्याने ऐकली तर त्याला कळेलच ना. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी घरी गेल्यावर ताईने नवऱ्याला विचारलं, "खिडकीशी आलेल्या त्या माणसाला काय हवं असेल रे?" नवरा म्हणाला, "कुठली खिडकी?" त्याचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशीची मुलाखत संगणकावरच होती, संस्थेच्या छोट्या खोलीत. पडद्यावर दाढीवाले साहेब आणि त्यांच्या शेजारी कंपनीतली एक तरुण बाई, भरतीचं काम बघणारी. ताई संगणकाच्या मागे, त्यांना दिसणार नाही अशी उभी राहिली. कामाचे प्रश्न आले, तेव्हा मावशींची गाडी सुसाट सुटली. खोटं पत्र कसं ओळखायचं, धोक्याच्या दहा घंटा वाजल्या तर आधी कुठली ऐकायची, कुणाला उठवायचं आणि कुणाला झोपू द्यायचं, सगळं चोख. साहेब मान डोलवत होते. ताईने मनातल्या मनात हात जोडले.

आणि साहेबांनी प्रसंग विचारला.

"एकदा खिडकीशी एक माणूस आला होता," मावशी म्हणाल्या.

ताईने दोन्ही हात हवेत फिरवले. पुढे, पुढे!

"त्याला एक माहिती हवी होती. मी दिली नाही."

"कसली माहिती?" साहेबांनी विचारलं.

"माफ करा. सांगता येणार नाही."

साहेब हसले. मग म्हणाले, ते राहू द्या, रुग्णालयातल्या संगणकांचं तर सांगाल? पासवर्ड कुठे ठेवायचे, कच्चे दुवे कुठले होते? एकोणीस वर्षांत पाहिलं असेलच. ताईने जोरजोरात मान हलवली, सांगा, सांगा, म्हणून. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. नंतर पडद्याकडे पाहिलं.

"पाहिलंय. पण तेही नाही सांगणार."

"अहो बाई, त्यांनी तुमची खिडकी बंद केली ना?" साहेब जरा चिडलेच. "तुम्ही आता त्यांचं काय लागता?"

"खिडकी बंद झाली," मावशी शांतपणे म्हणाल्या, "आत माणसं निजलेली आहेतच की अजून."

साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग ती तरुण बाई म्हणाली, "बरं. कळवतो."

पडदा काळा झाला आणि ताईचा संयम सुटला. एवढे दिवस मी घसा कोरडा करते आणि तुम्ही, आणि आणखी पुष्कळ काही. मावशी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत, ताई. पण हे विकून मिळालेली खुर्ची मला टोचली असती." ताईला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती पाणी आणायच्या निमित्ताने खोलीबाहेर गेली आणि पाणी न घेताच परत आली.

नव्वदावा दिवस शुक्रवारचा होता. मावशी सकाळपासून सरावाच्या खोलीत बसून होत्या, कारण उद्यापासून तिथे बसता येणार नव्हतं. सव्वापाच वाजता ताईचा फोन वाजला.

"तुमच्या उमेदवार आहेत कुठे?" पलीकडून मुलाखतीतली ती तरुण बाई रडकुंडीला येऊन बोलत होती. "सकाळपासून चारदा फोन केला, चारही वेळा कापला. मग नंबरच बंद करून टाकला माझा. मेल पाठवली, तर ती त्यांनी तुमच्या मास्तरांकडे धाडली आणि मास्तरांचं उत्तर आलं, की अशी खोटी मेल पाठवल्याबद्दल तुमची तक्रार का करू नये! मला साडेपाचपर्यंत त्यांचा होकार हवाय. नाहीतर यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागेल."

ताई धावली. अर्ध्या वाटेत तिची एक चप्पल सुटली, ती तिथेच राहिली.

"मावशी! घ्या! कंपनी!"

मावशींनी फोनकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. "कशावरून?"

"अहो, मी सांगतेय ना!"

"तुम्हाला त्यांनी सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं? आज माझा शेवटचा दिवस आहे हे दहा जणांना ठाऊक आहे. गरजू माणसाला गाठायला याहून बरी वेळ कुठली? मास्तरांच्या तिसऱ्या धड्यातच आहे हे. 'अभिनंदन' आणि 'आजच कळवा' एकाच पत्रात दिसलं, की समजायचं."

"आवाज ओळखा तरी!"

"आवाज काय, हल्ली कुणाचाही काढता येतो. चौथा धडा."

भिंतीवरचं घड्याळ पाच पंचवीस दाखवत होतं. ताई रडायच्या बेतात होती. तिने हात जोडले, नुसता कानाला तरी लावा म्हणाली. मावशींनी चष्मा पुसला, फोन घेतला, टेबलावर ठेवला आणि दोघींना ऐकू येईल असा मोठा केला.

"एक विचारते," त्या म्हणाल्या. "मुलाखतीत मी एका माणसाची गोष्ट सांगितली. खिडकीशी आलेल्या. त्याला काय हवं होतं म्हणून सांगितलं मी?"

ताईने डोळे मिटून घेतले. आता ही पोरगी काहीतरी ठोकून देणार, आणि संपलं सगळं.

"बाई, तुम्ही ते सांगितलंच नाहीत!" फोनमधून जवळजवळ किंकाळीच आली. "शेवटपर्यंत नाही सांगितलंत! साहेब दोन दिवस ऑफिसभर विचारत फिरतायत, काय हवं असेल त्या माणसाला म्हणून! बाकीच्या सहाही जणांनी जुन्या कंपनीच्या कुलपांपासून किल्ल्यांपर्यंत सगळं ओकून टाकलं आमच्यासमोर. साहेब म्हणाले, मला या बाई हव्यात. सोमवारपासून. याल का?"

"बरोबर," मावशी म्हणाल्या. "आता बोला."

मग त्याच भानावर आल्या. "म्हणजे, हो. येईन. येते." पेन उचलायला गेल्या तर ते हातातून दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते उचललंच नाही, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसल्या आणि पलीकडून सांगितलेलं सगळं तसंच ऐकून घेतलं, वेळ, मजला, कुणाला भेटायचं. फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ताई तर एका पायात चप्पल घालून हुंदके देत होती.

"पुरे, ताई," मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आत्ताच नका रडू. पत्र येणार आहे म्हणे. ते येऊ दे. आधी पाठवणाऱ्याचा पत्ता नीट तपासू, मग दोघी मिळून रडू."