साठ टक्क्यांचा भागीदार

जालन्याच्या बाहेर, जिथे दोन वर्षांपूर्वी कपाशी उभी होती, तिथे कल्याणने फ्लॅट घेतला. म्हणजे फ्लॅटचा चाळीस टक्के भाग घेतला; उरलेले साठ टक्के सरकारी मंडळाचे. योजनाच तशी होती. झेपेल तेवढं घर विकत घ्यायचं, बाकीच्याचं भाडं भरायचं आणि ऐपत वाढेल तसा मंडळाचा वाटा सोडवत जायचा. ऐपत कशी वाढवायची, ते माहितीपत्रकात नव्हतं.

कल्याणची बायको प्रभावती हिला त्या घरात एकच गोष्ट कमी वाटत होती : सासरे. तातेराव गावी, धावड्याला एकटे राहत. दोन महिन्यांपूर्वी ते अंगणात पडले, तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. म्हणून प्रभावतीने वास्तुशांतीचा दिवस धरला आणि त्यांना कायमचंच या म्हणून सांगितलं. तातेरावांनी विचारलं, साठ टक्केवाल्याला बोलावलं का?

तो माणूस नाही, सरकार आहे, असं कल्याणने समजावलं. मंग तर आधी बोलवा, असं तातेरावांचं म्हणणं पडलं. धावड्याची त्यांची विहीर चौघांत होती. सामाईक विहिरीवर मोटर बसवायची तर सगळे भागीदार आल्याशिवाय नारळ फुटत नसे. एकदा एका चुलत भावाला निरोप पोचला नाही, तर भोकरदनच्या कोर्टात बावीस वर्षं तारखा पडल्या. म्हणून भागीदार येऊन राजीखुशीने बसला तर आपण राहू, नाहीतर जेवून पाहुण्यासारखं परत, असं त्यांनी बजावलं.

कल्याण अक्षता लावलेली पत्रिका घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेला. तिला आवक क्रमांक मिळाला. हळदीवर शिक्का नीट उठेना, म्हणून तो दोनदा मारण्यात आला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : समारंभास उपस्थित राहण्याची तरतूद नाही, तथापि त्याच दिवशी सदनिकेची पाहणी ठेवण्यात येत आहे.

पाहणीला भावना मॅडम आल्या, कनिष्ठ लिपिक, हातात फॉर्म. तातेराव कपड्यांची पिशवी पायाशी ठेवून दारातच उभे होते. त्यांनी मॅडमना पुढे नेऊन पाटावर बसवलं. गुरुजींनी यजमानांना पाणी सोडायला सांगितलं की तातेराव मॅडमकडे बोट दाखवत, आणि मॅडम भिंतीवरच्या ओलीकडे बघत.

पूजा आटोपल्यावर प्रभावतीने खण-नारळ मॅडमपुढे धरला. मॅडम मागे सरकल्या. लाभार्थ्यांकडून वस्तू घेता येत नाही, असं त्यांनी हळूच सांगितलं.

नारळ नाकारणारा भागीदार म्हणजे काय, हे तातेरावांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि संध्याकाळची गाडी किती वाजता आहे ते कल्याणला विचारलं.

प्रभावतीने नारळ उंबऱ्याबाहेर नेऊन फोडला आणि दोन्ही वाट्या आत आणल्या. "वस्तू नका घेऊ मॅडम. प्रसाद तर चालतो ना?"

मॅडमनी फॉर्म मागून-पुढून पाहिला. प्रसादाचा रकाना नव्हता. "चालतो," त्या म्हणाल्या.

तातेरावांनी वाट्या हातात तोलून मोठी त्यांना दिली. मॅडमनी एक तुकडा तोडून खाल्ला. मग तातेरावांनी मुद्द्याचं काढलं.

"उद्या नळ फुटला, छत गळलं, तर साठ टक्के खर्चा तुमचा ना?"

"नाही काका. दुरुस्ती सगळी राहणाऱ्याकडं."

"आन् इकायचं ठरलं तर?"

"मंडळाला विचारावं लागतं. आलेल्या पैशात साठ टक्के मंडळाचे."

तातेरावांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच गेली.

"म्हंजी खर्च्याला न्हाई, वाटणीला हजर," ते म्हणाले. "मंग बराबर हाय. ही तर भावकीच निघाली. मी उगंच परकं समजून राह्यलो व्हतो."

त्यांनी पिशवी सुनेच्या हातात दिली आणि आपली खाट कुठल्या खोलीत टाकलीय, ते बघायला आत गेले.