चार वाटांपैकी एक

मिनलचा पाय घसरला नव्हता की हात सुटला नव्हता. कड्याच्या मध्यावर ती जरा दम खायला बोल्टला लटकली, आणि तिच्या वजनानं बोल्टवरची पट्टी दगडावर सरकन फिरली.

"ताई, हे हलून राहिलं!"

खाली उभ्या असलेल्या दीक्षानं हातातला दोर घट्ट आवळून धरला. आवाज मात्र तिनं नेहमीसारखाच ठेवला. "त्याच्यावर भार नको देऊ. दगड धर आणि सावकाश उतर. दोर मी घेते."

मिनल उतरली. पाणी प्यायली आणि हसलीसुद्धा. दीक्षाला हसू आलं नाही. ती मागच्या बाजूनं खाणीच्या माथ्यावर गेली, झाडाला दोर बांधून त्या बोल्टपर्यंत खाली आली आणि हातोडीनं दोन टोले दिले. तिसऱ्या टोल्याला बोल्ट दगडाच्या तोंडाशीच मोडला. बाहेरून तो करडा, धडधाकट दिसत होता. आत निम्म्याच्या वर गंज होता.

नागपूरजवळच्या खापा गावाच्या अलीकडे, बंद पडलेल्या दगडखाणीची ही भिंत. पंधराएक वर्षांपूर्वी दीक्षा आणि तिचा मित्र सुशील यांनी मिळून तिच्यावर चढाईच्या चार वाटा तयार केल्या होत्या. दगडात भोक पाडायचं, त्यात बोल्ट ठोकायचा, त्याला हँगर नावाची पट्टी कसायची, चढताना त्या पट्टीत दोर अडकवायचा. बोल्ट सुशीलच्या वडिलांनी, बापूजींनी, इतवारीतल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानातून दिले होते. पोरं काहीतरी चांगलं करतात म्हणून एक पैसा घेतला नव्हता. तेव्हा दुसरं काही मिळतही नव्हतं, आणि मिळतं हे माहीतही नव्हतं. आता बापूजी नव्हते. दुकान सुशील पाहत होता. त्याचा गुडघा गेल्यापासून त्यानं चढणं सोडलं होतं, आणि दर रविवारी नवी मुलं घेऊन इथं यायचं काम एकट्या दीक्षाच्या गळ्यात पडलं होतं.

सोमवारी सदरमधल्या एक्स-रे सेंटरमध्ये ती शिशाचा जड एप्रन घालून उभी होती. कुणाची कंबर, कुणाची छाती. "श्वास रोखा. सोडा." दुपारी डबा उघडायच्या आधी तिनं पुण्यातल्या गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्या माणसाला फोन लावला. तो भला होता, उगाच महाग माल गळ्यात मारणारा नव्हता. नागपूर समुद्रापासून लांब आहे, तेव्हा खाऱ्या हवेसाठीचं भारी स्टील नको, साधं स्टेनलेस चालेल, असं त्यानंच सांगितलं. डिंकासारख्या रसायनानं चिकटवायचे बोल्ट टिकतात जास्त, पण महाग पडतात, आणि ते बसवायला सवयीचा हात लागतो. त्यापेक्षा ठोकून कसायचे घ्या. फक्त बोल्ट आणि हँगर एकाच धातूचे असू द्या, आणि चढाईसाठी तपासल्याचा शिक्का दोन्हींवर पाहून घ्या. दीक्षानं इंटरनेटवरचे स्वस्त हँगरही विचारून पाहिले. त्यांच्यावर ना कंपनीचं नाव, ना शिक्का. "ताई, ते किल्ल्या अडकवायला घ्या," तो म्हणाला.

चढणाऱ्या मुलांच्या ग्रुपकडे वर्गणीचे जेवढे पैसे होते, त्यात एका वाटेचे बोल्ट येत होते. वाटा चार होत्या.

संध्याकाळी ती इतवारीत गेली. सुशीलनं स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला. मोडका बोल्ट त्यानं बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाला, "पुण्याहून कायले मागवतं वं? दुकान काय मेलं माझं? अँकर बोल्ट आहेत ना. झिंकचं पॉलिश, मस्त माल. लिफ्टवाले हेच नेतात. चारही वाटांचे घेऊन जा."

"लिफ्टवाल्याचं छताखाली असते गा. आपलं उघड्यावर आहे. पाणी भोकात मुरते."

"बाबाचे पंधरा वर्षं टिकले ना?"

"हा तुझ्या हातात आहे तो त्यातलाच आहे, सुशील."

तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "रविवारी येतो मी. दाखवतो तुले."

तिला नको होतं. पण नाही म्हणायलाही बळ लागतं, आणि दिवसाचं सगळं बळ एप्रनखाली संपलेलं होतं.

रविवारी सुशील लंगडत आला. बॅटरीवरचं ड्रिल मशीन, जड वजन ओढायचा साखळीचा पुली-ब्लॉक, सगळं गाडीत घालून आणलेलं. खाणीच्या तळाशी एक मोठा धोंडा होता. त्यात त्यानं भोक पाडलं, दुकानातला नवा बोल्ट ठोकला, पान्यानं आवळला. आधी तो स्वतः लटकला, मग ग्रुपमधला अंकुश, मग अंकुशसकट आणखी दोघं. मग पुली-ब्लॉक लावून ओढलं. साखळी कुरकुरली. बोल्ट केसभरही हलला नाही.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. अंकुश इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला चारही वाटा आत्ताच्या आत्ता हव्या होत्या. "ताई, झालं ना आता? भाऊ फुकट देऊन राहिले. आपण काहून अडून बसलो?"

सगळे तिच्याकडे बघत होते. सुशीलच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, नुसती आशा होती, आणि तीच तिला जास्त जड गेली.

"आज धरतेच तो," दीक्षा म्हणाली. "मी कुठं नाही म्हणते? आज काहीही धरते. पाच-सात पावसाळ्यांनी आत काय झालं ते बाहेरून दिसत नाही. मिनललेही नव्हतं दिसलं. तेव्हा आपण इथं असू का नसू. कोणी तरी खालून वर पाहील, बोल्ट दिसला म्हणून भरवसा ठेवील."

"मग पाच वर्षांनी बदलू," अंकुश म्हणाला.

"कोण बदलेल?"

ती पुढे म्हणाली, "पैसे एकाच वाटेचे आहेत. एक वाट नीट करू. बाकीच्या तीन वाटांचे बोल्ट काढून टाकू, म्हणजे कोणी चढायलाच नको."

"म्हणजे बाबाचे सगळे काढतं," सुशील म्हणाला.

"हो."

त्यानं पुली-ब्लॉक गुंडाळला. धोंड्यातला बोल्ट तसाच सोडून सामान गाडीत टाकलं आणि निघून गेला. अंकुश बाईकला किक मारताना म्हणाला, "एका वाटेसाठी इतक्या दूर कोण येईल, ताई? आम्ही जिममधल्या भिंतीवर जातो." त्याच्या मागे आणखी तिघं गेले. दीक्षानं कुणाला थांबवलं नाही. समजावायचे शब्द तिच्याजवळ होते, पण तेच शब्द ती इतक्यांदा बोलली होती की आता तिलाच ते शिळे वाटत होते. परतीच्या रस्त्यावर मिनल स्कूटरवर मागे बसून काहीबाही बोलत राहिली. दीक्षा हुं हुं करत राहिली.

पुण्याचं पार्सल आलं. तिनं एकेक हँगर उलटून शिक्का पाहिला, बोल्ट स्टेनलेसचेच आहेत ना, चुंबकाला चिकटत नाहीत ना, ते पाहिलं आणि डबा पलंगाखाली सरकवला. अडचण आता मशीनची होती. भाड्याचं ड्रिल मिळत होतं, पण बॅटरीवरचं नव्हतं, आणि खाणीत वीज नव्हती. सुशीलला फोन करावा म्हणून तिनं दोनदा नाव काढलं आणि दोनदा फोन खाली ठेवला. शेवटी लिहिलं, "रविवारी मशीन पाहिजे होती." उत्तर आलं नाही.

रविवारी ती आणि मिनल पोचल्या तेव्हा सुशीलची गाडी उभी होती. तो सावलीत बसून संत्रं सोलत होता.

"मशीन कोणाच्या हाती देत नसतो मी," तो म्हणाला. "म्हणून आलो."

"बरं केलं."

दीक्षा माथ्यावरून दोरावर उतरली, भोकं पाडू लागली. खांदा भरून येत होता. दगडाची पूड नाकातोंडात जात होती. मिनल खालून दोर सांभाळत होती. तिसऱ्या भोकानंतर सुशील ओरडला, "अगं, पूड नीट काढ वं! फुंकून काय होते? पंप पाठवतो." त्यानं सायकलचा पंप दोराला बांधून वर दिला. मग पाना किती आवळायचा यावरून ओरडला. मग बॅटरी बदलून दिली. दुपारपर्यंत वाटेच्या वरच्या टोकाचे शेवटचे दोन बोल्ट आणि त्यांच्यात दोर ओवायच्या कड्याही बसल्या. दीक्षानं दोर लावून आपलं सगळं वजन त्यावर टाकलं, आणि तशीच लोंबकळत थोडा वेळ डोळे मिटून राहिली.

खाली आल्यावर तिला बसायचं होतं, पण तीन वाटांचे जुने बोल्ट काढायचे बाकी होते. सुशीलनं तिच्या हातातली हातोडी घेतली. लंगडत तो दुसऱ्या वाटेच्या पायथ्याशी गेला. पहिला बोल्ट हाताच्या उंचीवर होता. त्यानं हँगरवरून अंगठा फिरवला.

"हा मी ठोकला होता. बाबा बाजूले उभा होता, बोट सांभाळ म्हणे."

"राहू दे आज. पुढच्या रविवारी काढू," दीक्षा म्हणाली.

"ना. पुढच्या रविवारी माझ्यानं नाही होणार."

त्यानं नट फिरवून पाहिला, तो जाम होता. मग टोले घातले. हा बोल्ट लवकर मोडला नाही. सुशीलला घाम फुटला, श्वास लागला, तरी मागे सरकेना. अखेर पट्टी वाकली आणि बोल्ट मोडून खाली पडला. त्यानं तो उचलला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या वाटेचा पहिला बोल्ट दीक्षानं काढला. वरचे राहिले, पण आता कुणाला चढाई सुरू करता येणार नव्हती. तेवढं आज पुरे होतं.

मिनलनं नवी वाट चढून पाहायची का, असं विचारलं.

"तू चढ," दीक्षा म्हणाली. "मले आता हात वर करवत नाही."

"दोर मी धरतो," सुशील म्हणाला. दीक्षाचा चढाईचा पट्टा कमरेला बांधून, दुखरा पाय पुढे पसरून तो दगडाला टेकून उभा राहिला आणि दोर त्या पट्ट्यात अडकवला. कितीतरी वर्षांनी. दीक्षानं गाठ तपासली, कडी तपासली, आणि जमिनीवर आडवी झाली. वर मिनल पहिल्या बोल्टशी पोचली होती. सुशील तिला हळू आवाजात पाय कुठं ठेवायचा ते सांगत होता.