नांगराचा पहारा

“दोर कमी सोडला मी. तेवढंच झालं,” यजमान गणेशकुमारला सांगत होते, आणि मी गरम कापीचे पेले घेऊन गच्चीच्या दारातच थबकले.

गच्चीवर नांगराचा दोर पसरला होता. दर दोन मीटरवर लाल सूत गुंडाळलेलं, ह्यांच्याच हातचं. गणेशकुमार तंजावुरात दातांचा डॉक्टर, आमच्याच मराठी माणसांतला. मल्लिपट्टिनमच्या धक्क्यावर फुटलेली आमची शिडाची बोट दुरुस्त करून तो चालवणार होता. त्याआधी नांगर कसा टाकायचा ते शिकायला आला होता.

पस्तीस वर्षं हे पाटबंधारे खात्यात कालव्यांचं पाणी मोजत होते. निवृत्त झाल्यावर आयुष्यातली ही एकच हौस केली. खुर्चीत बसलेले माझे थोरले दीर, बाळकृष्णराव, म्हणाले, “जन्मभर पाणी मोजलास, सेतु, आणि दोर मोजायला आलं नाही कां रे?”

हे हसले. गेले आठ महिने जो कुणी विचारील त्याच्यापुढे हे असेच हसत आले.

दोर कमी नव्हता. तीन मीटर पाणी, अमावास्येची भरती धरून चार. त्याच्या सातपट सोडायचा. दोर पाण्यात जाताना लाल खुणा मीच मोजल्या होत्या. चौदा.

बोट फुटली त्या सकाळी वारा जमिनीकडून होता. ऊन चढलं की तो समुद्राकडून येईल, बोट नांगराभोवती वळेल, आणि ओढ उलट्या बाजूनं बसली की नांगर चिखलातून निसटू शकतो, हे मला त्यांनी नीट समजावलं होतं. बोट वळून स्थिरावली की किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धर, म्हणाले. रेषा मोडत चालली तर लगेच उठव. मग दमलेले ते खाली जाऊन निजले.

माझ्या हातात माळ होती. रोज अकरा माळा जप, आणि तो पुरा होईतो मौन. सव्वीस वर्षांत नेम एकदाही मोडला नव्हता.

नऊच्या सुमारास वारा फिरला, बोट वळली. मी देवळाचं गोपुर आणि मागची बर्फ कारखान्याची टाकी एका रेषेत धरली. नववी माळ संपता संपता टाकी गोपुरामागून बाहेर डोकावली. आधी बोटभर, मग दोन बोटं. दोन माळा उरल्या होत्या. बोलायचं नव्हतं तर पायानं फळी वाजवता आली असती. ते सुचलं नाही, असं मी मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. सुचलं होतं. पण वाटलं, नेम पाळला तर देव बोट धरून ठेवील, मोडला तर सोडून देईल.

माझा जप पुरा झाला आणि धक्क्याचे दगड बोटीच्या पोटात शिरले.

“सरी, बरं, सेतुमामा,” गणेशकुमार म्हणाला. “मग मी दहापट सोडीन. भीतीच नको.”

दहापट सोडला तर वारा फिरल्यावर त्याची बोट शेजारच्या बोटींवर जाऊन आदळली असती. हे ह्यांना ठाऊक होतं. सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सातपट पुरे म्हटलं, तर आमची का गेली, हे सांगावं लागलं असतं.

मी पेले कठड्यावर ठेवले.

“दोर पुरेसा होता,” मी म्हणाले. “नांगर सरकताना मला दिसलं होतं. जप चालला होता. मी हाक मारली नाही.”

भावजींनी मान खाली घातली. गणेशकुमार लाल सूत चाचपत राहिला.

“ठाऊक आहे,” हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. “मी वर आलों तेव्हा तू माळ डोळ्यांना लावत होतीस.”

खाली रस्त्यावरून टाऊन बस गेली.

मग ते गणेशकुमारकडे वळले. “सातपट पुरे. वारा फिरायच्या वेळी मात्र पहारा ठेव. आणि ज्याला बसवशील त्याच्या हातात दुसरं कांही देऊं नको.”

उन्हं उतरत होती. ते दोर गुंडाळू लागले. दुसरं टोक धरायला मी वाकले. ते त्यांनी हळूच उचललं आणि गणेशकुमारच्या हातात दिलं.