कानाची खूण

घड्याळजी टिकटिक्याला धड ऐकू येत नाही, हे फक्त त्याला आणि कानाच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. पडदा ठणठणीत, नस थकलेली. समुद्रात बुडी मारायला डॉक्टरांची हरकत नव्हती; कानात मशीन घालायला याची होती. ज्याला टिकटिक ऐकू येत नाही, त्याच्याकडे घड्याळ दुरुस्तीला टाकणार कोण? म्हणून मशीन दुकानाच्या खणात, आणि कुणी काहीही बोललं की साहेबांची मान नंदीबैलासारखी डोलायची.

महिन्यापूर्वी ते महागात पडलं. शाळेपासूनचा मित्र, पोस्टमन, दुकानाच्या दारातून म्हणाला, "ताई गेली रे." टिकटिक्याने ऐकलं, "ताई आली रे." डोळ्याचं भिंग न काढता तो म्हणाला, "वा वा! आता आठवडाभर मजा आहे तुझी!"

पोस्टमन आल्या पावली परत गेला. संध्याकाळी पोस्टमनची थोरली बहीण वारल्याचं कळलं, तेव्हा टिकटिक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावत गेला, पण "मला ऐकू येत नाही" एवढं काही तोंडातून फुटेना. पोस्टमनने पाणी दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हापासून अबोला.

समुद्रातल्या स्कूबा बुडीची तिघांची नोंदणी त्याआधीच झालेली. ती करणारा तिसरा मित्र गणिताचा सर. त्या सत्यवचनी माणसाने दोघांनाही "तो येणार नाहीये" असं सांगून एकाच होडीत आणून बसवलं.

होडीवर प्रशिक्षक बाईंनी खुणा शिकवल्या. बोट आणि अंगठ्याचा गोल म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे वर चला, शाबास नव्हे. पंजा डुगडुगवला की गडबड. मग गडबड जिथे असेल तिथे बोट लावायचं. टिकटिक्याला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही, पण हात पाहून सगळं पाठ झालं.

खाली प्रवाळांवर पोपटमासे चरत होते. नारिंगी मासे समुद्रफुलाच्या झुपक्यात लपाछपी खेळत होते. खूश होऊन सरांनी अंगठा वर केला आणि बाईंनी डोळे वटारले. कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे कित्येक वर्षांत पहिल्यांदाच टिकटिक्याचं काही सुटत नव्हतं. इतकं हलकं त्याला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

एवढ्यात त्याच्या खांद्यावर थाप पडली. जुन्या सवयीने पोस्टमन त्याला कासव दाखवत होता. मग अबोला आठवला असावा. हात मागे गेला.

टिकटिक्याने तो हात धरला. दुसऱ्या हाताचा पंजा डुगडुगवला आणि कानाला बोट लावलं. बाई लगबगीने आल्या आणि कानावर पाण्याचा दाब आला असं वाटून त्यांनी त्याला हातभर वर घेतलं. त्याने 'नाही, नाही' अशी जोरजोरात मान हलवली. पुन्हा कान दाखवला, मनगटावरचं घड्याळ दाखवून हात मागे मागे नेला. मग बोट आणि अंगठ्याचा गोल करून डोळ्याला लावला.

बाईंना वाटलं, ठीक आहे म्हणतोय. त्या निघून गेल्या.

पोस्टमन मात्र त्या गोलाकडे पाहतच राहिला. ते भिंग होतं. त्या दिवशीचं, दुकानातलं.

होडीवर येताच त्याने टिकटिक्याची हनुवटी धरून चेहरा आपल्या ओठांसमोर आणला आणि सावकाश म्हणाला, "ताई गेली रे."

या वेळी टिकटिक्याची मान डोलली नाही. त्याने मित्राला ओल्या कपड्यांनिशी मिठी मारली आणि तो ढसाढसा रडला. सर शेजारीच होते, बाईही होत्या. त्याला पर्वा नव्हती.

"कशी गेली रे? सगळं सांग. मोठ्याने सांग, मला ऐकू येत नाही."

आणि पोस्टमनने सांगितलं, साऱ्या होडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.