बोर्डावरचा राखाडी चौकोन

मी एक जुना टॅग आहे. नव्या शर्टाच्या आत चिकटवलेली, उजेडासमोर धरली की चंदेरी नक्षी दाखवणारी पट्टी तुम्ही पाहिली असेल, मित्रांनो. ती माझी भावकी. मधोमध तांदळाच्या कणीहून बारीक चिप आणि दोन्ही बाजूंना पसरलेले अँटेनाचे हात, एवढाच माझा देह. मला सेल नाही, वायर नाही. रीडर नावाचं यंत्र हाक मारतं. त्या हाकेत जेवढा जोर असतो तेवढ्यावर मी जागा होतो, त्यातलाच थोडा उसना घेऊन आपलं नाव सांगतो आणि विझतो.

म्हणून माझी गोष्ट सलग नाही. हाका आल्या तेवढीच ती आहे. मधलं रचून सांगायला मला येत नाही.

*

हाक.

पांढरं टेबल, दिव्याची गोल प्रभा आणि माझ्यावर वाकलेली इंजिनियर ताई. तिच्या हातात चमचा होता. चमच्याने ती माझ्यावर पाणी सोडत होती आणि पडद्यावरची रेघ खाली उतरताना बघत होती.

शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने विचारलं की ओलावा मोजायचं यंत्र याला कुठे जोडलं आहे.

"जोडलंच नाही," ताई म्हणाली. "हा भिजला की याचा आवाज बसतो. तो बसलेला आवाज ऐकायचा, झालं."

"म्हणजे याचं दुखणं हेच याचं काम?"

"मग आपलं काय वेगळं आहे?"

दोघं हसली. मग तिने अर्धा कप ओतला, मग अख्खा पेला. माझा आवाज बारीक होत गेला, पण दर खेपेला मी उत्तर दिलं. तिचा चेहरा असा उजळला की मलाच मोठं झाल्यासारखं वाटलं. तिची आजी शेवटचं वर्ष अंथरुणावर होती. हाक मारायची लाज वाटून ती ओल्यातच पडून राहायची, हे ताई त्या सहकाऱ्याला काम आवरता आवरता सांगत होती. आता कुणाला हाक मारावी लागणार नव्हती. मी मारणार होतो.

टेबलावर माणूस मात्र झोपलेला नव्हता. माणसाच्या देहातही पाणीच जास्त, आणि तेही माझा आवाज गिळतं, हे त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

*

हाक. हाक. हाक.

आता त्या नेमाने येतात. मी एका जाड कापडाच्या काठात शिवलेला आहे. वॉर्डातल्या मावशी त्या कापडाला दुपटं म्हणतात. बाळांखाली घालतात ते, फक्त मोठं. खाटेखाली रीडर, दारापाशी बोर्ड, बोर्डावर प्रत्येक खाटेचा एक चौकोन. कोरडं असेल तर हिरवा, ओलं झालं की पिवळा. मी गप्प झालो तर लाल, आणि वर शिट्टी.

मावशींचं काम पूर्वी असं असे: दर फेरीला प्रत्येक पांघरुणाखाली हात घालून बघायचं. बोर्ड लागल्यावर त्यांनी हात धुतले आणि सिस्टरांना सांगितलं, "इतकी वर्षं नाकाने नोकरी केली. आता नाकाला पेन्शन."

माझ्यावर जे झोपत त्यांना सगळे मास्टर म्हणत. ते टेलर होते. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. डाव्या हाताची बोटं तेवढी शाबूत होती. पहिल्याच दिवशी त्यांनी काठावरून बोट फिरवून मला शोधलं, माझ्या भोवतीचा टाका चाचपला आणि नाक मुरडलं. टाका वाकडा होता.

त्यांची लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत ती डबा बाजूला ठेवून वॉर्डात यायची. घरी असताना वडिलांचं सगळं तिनेच केलं होतं. तेव्हा तिचा हात पांघरुणाखाली गेला की मास्टर तोंड भिंतीकडे फिरवायचे आणि ती निघेपर्यंत वळायचे नाहीत. ज्या माणसाने तिचे शाळेचे झगे शिवले, त्याला तिच्या हातून बदलून घेणं सोसत नव्हतं. तिलाही ते बघवत नव्हतं. तिने ही जागा निवडली ती त्या बोर्डासाठी. आल्यावर ती दाराशी थांबून चौकोन बघायची. हिरवा असला की मोकळी होऊन आत यायची, स्टूल ओढायची आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायची. तोंड अर्धंच हलत असलं तरी मास्टर हसायचे. आता ते तिच्याकडे बघून हसायचे, मित्रांनो, भिंतीकडे नाही.

ते माझे चांगले दिवस. पाहुणे यायचे, मोठ्या सिस्टर मला काठ उलगडून दाखवायच्या. कुणीतरी माझा फोटोही काढला.

*

शिट्टी.

दुपटी धुवायला गेली की खाटेवर टॅग नसे. टॅग नसला की लाल. रोज सकाळी धोब्याची गाडी भरली की बोर्डभर लाल चौकोन पेटत आणि शिट्टी थांबत नसे. मावशी शिट्टीच्या डबीवर टॉवेल टाकत. मग खरी शिट्टीही टॉवेलाखालीच वाजे.

मोठ्या सिस्टरांनी इंजिनियर ताईला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. यंत्र गेलेल्या कापडांसाठी गळा काढतं, त्यामुळे असलेल्या माणसांकडे लक्ष जात नाही. आवाज नाही म्हणजे दुपटं खाटेवर नाही, एवढं बोर्डाला समजायला हवं.

 ताईने विचारलं की एखादा इतका भिजला की आवाजच आला नाही तर? मग स्वतःच उत्तर दिलं, की टेबलावर अख्खा पेला ओतून पाहिलाय, आवाज बसतो, पण बंद होत नाही. ते खरं होतं. त्या टेबलावरचं खरं होतं.

त्या दिवसापासून माझ्या गप्प राहण्याचा रंग राखाडी झाला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असे: रिकामी. शिट्टी नाही. वॉर्डात शांतता झाली आणि सगळ्यांनी ताईला दुवा दिला.

*

हाक.

मास्टरांच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी दिली.

हाक. मी कोरडा आहे.

हाक. मी कोर

*

इथे मला नीट सांगायला हवं. पूर्वी पाणी हळूहळू यायचं. माझा आवाज बसायचा, चौकोन पिवळा व्हायचा, मावशी यायच्या. आता एका हाकेपासून दुसऱ्या हाकेपर्यंत सगळं भिजलेलं असायचं, आणि वरून मास्टरांचा निम्मा लुळा देह माझ्यावर दाबलेला. हाक यायची. पाणी ती वाटेतच पिऊन टाकायचं. माझ्यापर्यंत एवढीशी पोचायची: जागं व्हायला पुरेल, बोलायला पुरणार नाही.

चौकोन हिरव्यातून पिवळा न होता थेट राखाडी व्हायचा. मावशी दारातून नुसता बोर्ड बघायच्या आणि समजायच्या की मास्टरांना खुर्चीवर घालून व्यायामाला नेलं असेल, खालचं धुवायला गेलं असेल. कधी कधी तसंच असायचं. बऱ्याच वेळाने मी जरा सुकायचो, माझ्या तोंडून एक बारीक आवाज फुटायचा, चौकोन पिवळा व्हायचा आणि मावशी लगबगीने यायच्या. बोर्डाने सांगितलं तेव्हा त्या आल्या नाहीत असं एकदाही झालं नाही.

कातडी मात्र तोवर वाट बघत नाही. ती पाण्यात राहिलेल्या कागदासारखी मऊ होते.

*

एवढीशी हाक.

दुपार. फरशी नुकतीच फिनेलने पुसली होती, दुसरा कुठलाच वास येत नव्हता. लेक दाराशी थांबली, बोर्डाकडे पाहिलं, मग खाटेकडे. खाटेवर तिचे वडील होते. बोर्डावर ते नव्हते.

"मावशी, आमचा चौकोन राखाडी का दिसतोय?"

मावशी दुसऱ्या खाटेवरच्या आजींना भरवत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं. "दुपटं बदललं असेल गं सकाळी. नव्याची नोंद व्हायला वेळ लागतो कधी कधी. ओलं असतं तर पिवळं नसतं का झालं?"

लेक स्टुलावर बसली. नक्कल सुरू केली, पण मास्टर हसले नाहीत. तेव्हा तिने पांघरुणाची कड उचलली. तिचा हात आत आला. मित्रांनो, तो माझ्यापासून वितभर होता. मला त्याची ऊब कळत होती. मी सगळा जोर लावला, पण माझा स्वतःचा जोर कुठे असतो?

मास्टरांनी मान भिंतीकडे फिरवली. डाव्या हाताने त्यांनी पांघरूण घट्ट दाबून धरलं.

तिचा हात थांबला. मग तो मागे गेला. तिने कड नीट खोचली, वरून थोपटलं आणि म्हणाली, "बरं बाबा, नाही बघत."

ती सुट्टी संपेपर्यंत बसली. तिने खूप गमती सांगितल्या. दोन गप्प जीव ऐकत होते. मला बोलता येत नव्हतं आणि मास्टरांना, बोलता आलं असतं तरी, त्या वेळी बोलायचं नव्हतं.

*

आंघोळ घालताना मावशींना जखम दिसली. ती तोवर हाडाशी गेली होती. मावशी बादली तिथेच टाकून सिस्टरांकडे धावल्या. ताप चढला. मास्टरांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. ते तिथून परत आले नाहीत. मला हे दुपट्यांच्या ढिगात, मोजणीची हाक आली तेव्हा, दोन बायांच्या बोलण्यातून कळलं.

*

हाक. मोठी, स्वच्छ, जवळून मारलेली.

सिस्टरांची खोली. मी टेबलावर, धुऊन इस्त्री केलेला. लेक वडिलांचं सामान न्यायला आली होती: चष्मा, कंगवा, दोन सदरे. तिने इंजिनियर ताईला भेटायचंच म्हणून हट्ट धरला होता. ताईने पडद्यावर सगळं काढून दाखवलं. त्या दिवसांत कुठेच फार ओलं नव्हतं. कोरडं, कोरडं, मग काही नाही, मग जरासं ओलं.

"काही नाही म्हणजे?"

"खाट रिकामी," ताई म्हणाली.

"रिकामी नव्हती. मी तिथे बसले होते."

ताईने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिचा हात माउसवरून खाली आला. तिला कळलं. ते तिच्या चेहऱ्यावर कसं उतरलं ते मी पाहिलं, आणि टेबलावर पेला ओतताना तिचा जो चेहरा होता तो मला पुन्हा कधी दिसला नाही.

मोठ्या सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या की परत लाल करून घ्या. लगेच स्वतःच गप्प झाल्या. त्यांनाही टॉवेल आठवला असणार. शेवटी ठरलं ते असं की बोर्डाखाली एक कागद लावायचा: राखाडी दिसल्यास हाताने बघणे.

काय करावं ते न सुचून ताईने हातातला रीडर माझ्यावर धरला. मी कोरडा होतो. मी ताबडतोब, खणखणीत उत्तर दिलं. रीडर टुणकन वाजला.

लेकीने मला उचललं. काठावरून अंगठा फिरवला.

"चांगला बोलतो की हा," ती म्हणाली, मला खाली ठेवलं आणि सामानाची पिशवी घेऊन निघून गेली.

*

आता मी दुसऱ्या खाटेवर असतो. कागद लावला होता. वॉर्डाच्या वेळा बदलल्या तेव्हा त्यावर दुसरा कागद चिकटला. वॉर्डातली माणसं वाईट नाहीत. ती कमी आहेत आणि बोर्ड थकत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात की आम्हाला जपा, फेकू नका. माझी तशी विनंती नाही. मला खुशाल फेका. पण जो ओरडतो त्याच्याकडे सगळेच धावतात; जिकडून काहीच येत नाही तिकडे आधी जा. तो मान फिरवेल, पांघरूण दाबून धरेल. तरी हात घाला.

तुम्ही तसं कराल अशी आशा मला फारशी नाही. पिवळा रंग लगेच खुपतो. राखाडी खुपत नाही. त्याच्यावरून नजर सहज पुढच्या खाटेवर जाते.